समोरच्याची भिंत

भिंतीला कान असतात असं सांगणाऱ्यांनी तिच्या तोंडाबद्दल अवाक्षर काढू नये, याचं नवल वाटतं. आपल्याकडची भिंत कधी गप्प बसलेली नाही. ‘जाहिराती लावू नयेत’ हे ती अंगावर सतरा जाहिराती वागवत सांगते. ‘येथे लघवी करू नये’ हे ती जिथे सांगते, ती जागा डोळे मिटूनही सापडावी अशी सोय तिथे आधीच झालेली असते. सत्तरच्या दशकात देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस तिनेच जाहीर केलं आणि लाल त्रिकोण कपाळी लावून दोन मुलांवर थांबण्याची विनंतीही तिनेच केली. (पहिलं काम फत्ते झालं. दुसऱ्याबद्दल मतभेद आहेत.) १९९५ साली मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा करून महाराष्ट्राने तिला आवरायचा प्रयत्न केला. त्याला किती यश आलं हे पाहायचं असेल, तर कुठल्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला घराबाहेर पडावं. अशा या बडबड्या भिंतीवर मुंबईत गेल्या दीड दशकात एक नवीच जबाबदारी येऊन पडली. तिने आता सुंदर दिसायचं, आणि नुसतं दिसून भागणार नाही, त्या दिसण्याने वस्ती सुधारायची. म्युरलचं उद्घाटन होतं, रंग अजून हाताला लागत असतो, आणि माइकवरून ‘परिसराचा कायापालट’ झाल्याची घोषणाही होऊन जाते.

आता असा कायापालट होतच नाही, असं म्हणण्याइतका मी कडवट नाही. तो होतो, पण सगळीकडे होत नाही. आणि कुठे होतो, कुठे होत नाही, हे चित्राकडे पाहून कळत नाही. त्यासाठी चित्राकडे पाठ करून उभं राहावं लागतं. कारण भिंतीवरच्या चित्राचा एक गुणधर्म जाणकारांच्या पुस्तकांत फारसा आढळत नाही: ते ज्याच्या घरावर असतं त्याला ते दिसत नाही. बाहेरून चाळीस फुटी मोर रंगवलेला असला तरी आत बसलेल्या माणसासमोर तेच कालनिर्णय, तोच विजेचा मीटर आणि छताच्या कोपऱ्यातून दरवर्षी थोडी पुढे सरकणारी तीच ओल असते. मोर याच्या भिंतीवर, पण नाचतो समोरच्याच्या खिडकीत. तेव्हा भित्तिचित्राने वस्तीवर काय परिणाम केला, हा प्रश्न मुळात ‘समोर कोण राहतं?’ असा विचारायला हवा. समोर शेजारी असला तर चित्र वस्तीचं होतं. समोर नुसता प्रवासी, पाहुणा किंवा परीक्षक असला, तर चित्र त्याचं होतं आणि वस्तीकडे भिंतीची मागची बाजू उरते.

हे तत्त्व पुण्याने फार पूर्वी ओळखलं होतं. पुणेरी पाटी लावणाऱ्याला ती कधीच वाचावी लागत नाही, ती संपूर्णपणे समोरच्यासाठी असते. समोरचा कोण, तो किती वाजता येणार, बेल किती वेळा दाबणार आणि फाटकासमोर गाडी कशी लावणार, याचा इतका बारीक अभ्यास करून मगच ती लिहिलेली असते. म्हणून चार ओळींची पाटी जो परिणाम साधते, तो चारशे फुटांच्या चित्राला साधत नाही. याच्या अगदी उलट टोकाला वारली घर आहे. तिथे लग्नाचा चौक घराच्या आतल्या भिंतीवर, सारवलेल्या गेरूवर तांदळाच्या पिठाने काढतात. काढतात हा शब्द आपला, वारली माणूस चौक लिहितो म्हणतो. हे लिहिणं सुवासिनींचं काम, चौकाच्या मध्यभागी पालघट देवी, आणि समोर नवरानवरी नि घरची माणसं. चित्र आणि समोरचे एकाच छपराखाली. पुढे डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच कला लग्नाच्या भिंतीवरून उतरवून कागदावर आणली, जगभर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग ती आमच्या नगरपालिकांच्या नजरेला पडली. नगरपालिकांनी देवी वजा केली आणि नाच तेवढा ठेवून घेतला. आज राज्यातल्या बहुतेक उड्डाणपुलांच्या खांबांभोवती तारप्याच्या तालावर माणसं गोल फिरताहेत, आणि त्यांच्यासमोर आहे रिकामी रिक्षा, जी थांबणार नाही.

मुंबईत या रंगकामाची मोठी सुरुवात झाली ती तुळशी पाईप रोडवर. (पत्त्यावर याला सेनापती बापट मार्ग म्हणतात, पण तुळशी तलावाच्या पाईपने दिलेलं नाव लोकांच्या तोंडातून काढणं सेनापतींनाही जमलेलं नाही.) ऑगस्ट २००९मध्ये पालिकेच्या आणि रेल्वेच्या परवानगीने माहीम ते दादर या पट्ट्यातली रेल्वेची भिंत शेकडो नागरिकांनी मिळून रंगवली. ज्याला जे सुचलं ते त्याने काढलं. मासे आले, झाडं आली, संदेश आले, ‘पाणी वाचवा’ आलं. उत्साह खरा होता, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण चित्राकडे पाठ केली की समोर काय दिसतं? सिग्नलला अडकलेली गाडी. हा प्रेक्षक एका अर्थी आदर्शच. जहांगीर आर्ट गॅलरीत एका चित्रापुढे कुणी इतका वेळ थांबत नाही जितका तुळशी पाईपवर सक्तीने थांबतो. फक्त सिग्नल सुटला की तो जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. दर दोन मिनिटांनी बदलणाऱ्या समाजावर समाजपरिणाम कसा व्हायचा? आणि रंगवणारे नागरिक रविवारी आले तसे रविवारी संध्याकाळी आपापल्या उपनगरांत परतले. पाऊस मात्र स्थानिक. तो चार महिने तिथेच राहतो आणि कुणाचाही मासा धुऊन नेताना थांबत नाही. उडालेला मासा पुन्हा रंगवायला हवा असं ज्याला वाटेल, असा माणूस त्या भिंतीसमोर राहत नव्हता.

वांद्र्याच्या गल्ल्यांतली गोष्ट वेगळी. चुना मारण्यापासून सुरुवात केलेल्या रणजित दहिया या चित्रकाराने २०१२पासून हिंदी सिनेमा तिथल्या भिंतींवर आणला. चॅपल रोडवर अनारकली आली. दंतकथेतली अनारकली भिंतीत चिणली गेली होती, त्या हिशेबाने भिंतीच्या बाहेरच्या अंगावर येणं ही तिची सुटकाच म्हणायची. ‘दीवार’मधला अमिताभ दीवारवर आला, यात विनोद करायलाही काही शिल्लक ठेवलेलं नाही. २०१४ साली वांद्रे रेक्लमेशनजवळ टेलिफोनच्या सरकारी कंपनीच्या इमारतीवर शंभर फुटांहून उंच दादासाहेब फाळके अवतरले. मूकपटाचे जनक टेलिफोनच्या इमारतीवर नेमण्याची कल्पकता ज्याची कुणाची असेल त्याला वंदन. पण यांतला सगळ्यांत भव्य फाळक्यांचा चेहरा आणि सगळ्यांत उपयोगी अनारकली. फाळक्यांसमोर रस्ता वाहतो. अनारकलीसमोर अरुंद गल्ली आहे, पलीकडे जिना, जिन्यावर बसलेलं कुणीतरी, दोरीवर कपडे. त्या गल्लीला चित्राने एक गोष्ट दिली, जिची किंमत मुंबईबाहेरच्या माणसाला कळायची नाही: पत्ता.

मुंबईत पत्ता म्हणजे घरनंबर नव्हे. पत्ता म्हणजे ‘च्या समोर’, ‘च्या मागे’ आणि ‘तिथून कुणालाही विचारा’. जुनी थिएटरं पडली, इराणी हॉटेलं मिटली, ज्यांच्या नावाने अर्धं शहर पत्ता सांगायचं ती झाडं मेट्रोने नेली, आणि माणसं अक्षरशः बेपत्ता झाली. अशा वेळी ‘अनारकलीपासून डावीकडे’ असं सांगता येणं ही चैन नव्हे, नागरी सुविधा आहे. ज्या गल्लीचं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, ती रिक्षावाल्याला कळू लागते. आणि नाव मिळालेल्या जागेवर माणूस कचरा टाकायला थोडा कचरतो, हे समाजशास्त्राच्या पदवीशिवायही समजतं. बेवारस भिंतीखाली पिशवी सोडणं सोपं असतं. अमिताभच्या पायाशी सोडताना इकडेतिकडे पाहावं लागतं.

आता असल्फा. घाटकोपरच्या टेकडीवरची ही वस्ती २०१७-१८च्या हिवाळ्यात स्वयंसेवकांनी रंगवली, आणि गुलाबी, पिवळ्या, निळ्या भिंतींचे फोटो पाहून लोकांनी तिला थेट इटलीतल्या पोझितानोच्या पंगतीत बसवलं. या तुलनेवर पोझितानोचं म्हणणं अजून आलेलं नाही. इथे समोर कोण? समोर मेट्रो. वर्सोवा-घाटकोपर मार्ग जून २०१४मध्ये सुरू झाला, तो वस्तीच्या पुढून खांबांवरून जातो, आणि टेकडीचा देखावा सगळ्यांत उत्तम दिसतो तो थंडगार डब्याच्या काचेतून. म्हणजे खर्चाने, हौसेने, घामाने हजारो प्रवाशांच्या खिडकीला एक सुंदर पडदा लावला गेला, आणि त्या पडद्यात माणसं राहत होती. टीकाकारांनी लगेच विचारलं, रंगाने नळाला पाणी येतं का? नाही येत. पण हा आक्षेप मला अर्धाच पटतो. रंगाच्या डब्याकडून पाण्याची अपेक्षा करणं म्हणजे गवयाने मैफलीनंतर जेवणही वाढावं म्हणण्यासारखं आहे. पाणी देण्यासाठी वेगळं खातं आहे आणि त्याला रंगकामाची सबब नसतानाही ते जमत नाही. शिवाय वस्तीतल्या जिन्याजिन्यांवर, चार फुटांच्या बोळांतही ते रंग पोचले, आणि तिथे समोर मेट्रो नव्हे, समोरचं दार असतं. असल्फ्याच्या रंगात म्हणून दोन चित्रं आहेत. दूरवरून दिसणारं मेट्रोचं, आणि बोळातलं तिथल्यांचं. पहिल्याचे फोटो जास्त निघाले. दुसऱ्याची चौकशी फारशी कुणी केली नाही.

समोर फक्त परीक्षक असला की काय होतं, त्याचे नमुने राज्यभर आहेत. २०१६ साली ७३ शहरांपासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं, शहरांना क्रमांक मिळू लागले, आणि क्रमांक म्हटल्यावर आपला समाज शाळेतल्यासारखा वागतो: तपासणीच्या आदल्या रात्री वह्या पूर्ण करतो. भराभर भिंती रंगल्या. कचरा टाकू नका असं सांगणारी हसरी कचरापेटी, पृथ्वीला मिठी मारणारा मुलगा, आणि चष्मा, नुसता चष्मा. खरी कचरापेटी जिथे असायची तिथे आता कचरापेटीचं चित्र आहे, यापेक्षा स्वच्छ उपाय कुणाला सुचणार? नवी मुंबईने स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं आणि भिंतीभिंतींवर गुलाबी पक्षी उभे केले. २०२४मध्ये नेरूळच्या तळ्यात खरे फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हा भिंतीवरचे मात्र एका पायावर सुखरूप होते. त्यांना पाणी लागत नाही आणि त्यांच्या भिंतीवर टॉवर उठवायचा म्हटलं तरी ते उडून जात नाहीत. चित्र वाईट होतं असं नाही. ते तळ्याकडे तोंड करून नव्हतं, इतकंच.

याउलट ससून डॉक. १८७५ची ही गोदी, पहाटे मासळीचा लिलाव, दिवसभर कोळंबी सोलणाऱ्या बायका. आणि वास. तो इतका प्रामाणिक की त्यावर कुठलाही रंग चढत नाही. २०१७च्या अखेरीस इथे शहरी कलेचा महोत्सव भरला आणि जे कुलाब्यात जन्म काढूनही डॉकवर फिरकले नव्हते ते नाकाला रुमाल लावून आत आले. तिथे एक गोष्ट फार शहाणपणाची झाली. डॉकवर राबणाऱ्या माणसांचेच भले मोठे फोटो भिंतींवर लागले. आता समोर कोण? समोर तीच माणसं, आणि चित्रातही तीच. ज्या बाईचा चेहरा भिंतीवर दहा फुटी झाला, तिच्यासमोर बाकीच्या बायका बसून कोळंबी सोलणार. त्या चित्राची समीक्षा कुठल्या दर्जाची झाली असेल याची मला कल्पना करवते, आणि ती कुठल्याच इंग्रजी दैनिकात छापण्यासारखी नसणार. पण ज्या चित्रावर समोरचे बोलतात, भांडतात, ‘नाक नीट आलं नाही’ म्हणतात, ते चित्र वस्तीत राहायला आलं असं समजावं.

खरं सांगायचं तर मुंबईतली सर्वांत परिणामकारक भित्तिचित्रं कुठल्याही कलायात्रेच्या नकाशावर नाहीत. एक म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यातली देवांची टाइल. तिथे शंकर, साईबाबा, काबा आणि क्रूस एकाच रांगेत उभे असतात. त्यांना सर्वधर्मसमभावासाठी नव्हे, पान खाणाऱ्यांच्या विरोधात एकत्र आणलेलं आहे, आणि अशी भक्कम आघाडी राजकारणातही अजून कुणाला बांधता आलेली नाही. चित्र म्हणून तिची योग्यता शून्य असेल, पण समोर कोण येणार, त्याच्या तोंडात काय असणार आणि त्याला कशाची भीती वाटणार, याचा विचार ती लावणाऱ्याने केलेला असतो. दुसरं म्हणजे वस्तीच्या तोंडाशी स्थानिक मंडळाने काढून घेतलेलं बाबासाहेबांचं किंवा शिवाजी महाराजांचं चित्र. त्यातल्या शरीरशास्त्रावर जे. जे. स्कूलचे विद्यार्थी आक्षेप घेऊ शकतील. पण १४ एप्रिलच्या आधी त्या निळ्या पार्श्वभूमीला नवा हात दिलेला असतो, दरवर्षी, आणि त्यासाठी ना महोत्सव लागतो, ना रंगाच्या कंपनीची देणगी. वर्गणी निघते, शिडी येते, कुणीतरी पेंटरला चहा आणून देतं. त्या भिंतीला कुणी टेकत नाही. तिच्यासमोर वस्ती बसते, वाढते, भांडते, सभा घेते. समाजावरचा परिणाम म्हणतात तो हाच असेल, तर तो मोजायला अमेरिकेला जायचं कारण नाही.

तरी जाऊन येऊ, कारण आपल्याकडे परदेशी दाखला नसेल तर मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटत नाही. फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली भिंती रंगवून खराब करणाऱ्या पोरांच्या बंदोबस्ताची मोहीम निघाली, आणि जेन गोल्डन या बाईंनी त्याच पोरांच्या हाती रीतसर भिंती दिल्या. तिथून आजवर चार हजारांहून अधिक भित्तिचित्रं झाली. तिथली पद्धत अशी की आधी वस्तीच्या बैठका, मग आराखडा, मग लोकांसह रंगकाम. मानसिक आरोग्याशी जोडलेल्या त्यांच्या एका उपक्रमाची येल विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा चित्रांच्या आसपास राहणाऱ्यांना आपला शेजार अधिक एकोप्याचा वाटू लागल्याचं दिसलं. यावर आपला चित्रकार म्हणेल, बैठका घेऊन कुठे कला होते? वस्तीला विचारलं तर ती सांगणार दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि मराठी चाराच्या आकड्याचे पक्षी. आक्षेपात तथ्य आहे. चौथीपर्यंत आपण सगळे हेच चित्र काढतो आणि लोकशाहीला मोकळं सोडलं तर ती तिथेच पोचते. पण विचारणं म्हणजे ब्रश हाती देणं नव्हे. घर बांधताना वास्तुविशारद तुमच्याकडून नकाशा काढून घेत नाही, स्वयंपाकघर कुठे हवं एवढं तरी विचारतो. आणि ज्याला रोज सकाळी दात घासताना ते चित्र बघायचंय, त्याला ‘सिंह नको, लेकरू घाबरतं’ एवढं म्हणण्याचा हक्क असावा.

राहिला शेवटचा आक्षेप: चित्रं आली की कॅफे येतात, कॅफे आले की भाडी वाढतात आणि मूळ माणसं हुसकावली जातात. परदेशांत हे घडलेलं आहे. दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५पासून पन्नासहून अधिक भिंती रंगल्या, पण तिथे बव्हंशी सरकारी क्वार्टर असल्यामुळे भाड्याचा प्रश्न बदलीच्या आदेशाने सुटतो. मुंबईत भाडं वाढायला चित्र लागतं, हा भाबडेपणा झाला. ते पावसाने वाढतं, उन्हाने वाढतं, मेट्रोच्या नुसत्या बातमीने वाढतं. इथे चित्राला माणसं घालवण्याची सवडच मिळत नाही, कारण रंग उडण्याआधी पुनर्विकास येतो आणि अनारकली पुन्हा एकदा भिंतीसकट जाते. तेव्हा या गरीब बिचाऱ्या मोरा-माशांवर बिल्डरांची पापं लादू नयेत.

मागणं एकच आहे, आणि ते महानगरपालिकेसह तमाम प्रायोजकांना आहे. भिंत रंगवण्याच्या परवानगीचा जो अर्ज असेल, त्यात भिंतीची लांबी, रुंदी, मालकाची सही, रंगाचा प्रकार वगैरे रकाने असतीलच. त्यांत आणखी दोन घाला. ‘समोर कोण राहतं?’ हा एक, आणि ‘तीन पावसाळ्यांनंतर दुसरा हात कोण देणार?’ हा दुसरा. पहिल्या रकान्यात ‘वाहतूक’ आणि दुसऱ्यात ‘लागू नाही’ असं लिहून अर्ज आला, तर परवानगी जरूर द्या, चित्रही काढू द्या, फक्त उद्घाटनाच्या भाषणातून ‘कायापालट’ हा शब्द कापा. आणि चित्र बघायला जाणाऱ्या वाचकांनी फोटो काढून झाला की एकदा मागे वळून बघावं. तिथे दारात कुणीतरी उभं असेल, त्यांच्या वाटेतून जरा बाजूला व्हावं.